मोकळिकीची ओळ

पळसबोडीत देवाजी कोतवालाचे आडनाव फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी कागदावर ते असते. गावाच्या तोंडी मात्र सव्वीस वर्षे तो देवाजी कोतवालच. जातीने ढिवर, त्यामुळे गावतलावात जाळे टाकणे हा घरचा धंदा आणि तलाठ्याच्या हाताखालची कोतवाली ही नोकरी. त्याच्याआधी त्याचा बाप कोतवाल होता. बापाकडून देवाजीकडे दोन गोष्टी आल्या: बकरीच्या कातड्याचा एक डफ आणि दवंडी देण्याची रीत.

शाळा, मारुतीचा पार, पाण्याची टाकी, गोंडमोहल्ला आणि शेवटी तलावाची पाळ अशा पाच ठिकाणी थांबायचे. डफावर तीन थापा द्यायच्या आणि दोनच ओळी म्हणायच्या. पहिली ओळ मनाईची, दुसरी मोकळिकीची. बुधवारपर्यंत तलावात जाळे टाकू नका, गुरुवारपासून टाका. सकाळी वीज राहणार नाही. दुपारी येईल, मोटारी दुपारी चालवा. तिसरी ओळ म्हटली की माणसे पहिली विसरतात आणि एकच म्हटली की दारात ताटकळत राहतात. बाप म्हणे, "मनाई सांगतली का मोकळीक बी सांगाची. नाई तं लोक उभेच राह्यतेत." गावालाही त्याची इतकी सवय झाली होती की पहिली ओळ संपली तरी चुलीपुढच्या बाईचा हात थांबलेलाच असे, दुसरी ओळ आली की तवा पुन्हा वाजे.

कागद तलाठ्याचा असो, आरोग्य खात्याचा असो किंवा वनखात्याचा, तो कितीही लांब असला तरी देवाजी त्याच्या दोन ओळी करी. दहावीपर्यंत शिकलेला होता. कागद तीनदा वाचायचा, जाळे विणताना तोंडातल्या तोंडात घोळवायचा आणि मग डफ काढायचा. त्याच्या दवंडीत आले ते सरकारने सांगितले आणि न आले ते सांगितले नाही, असा गावाचा हिशेब होता. सव्वीस वर्षांत या हिशेबाने कुणाचे काही बिघडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी गावाच्या कडेला कॅमेरे आले.

पळसबोडीच्या तीन बाजूंना जंगल आहे आणि चौथीला तलाव. वाघाची वाट नेहमीचीच. पण आसपासच्या गावांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे जाऊ लागली तेव्हा वरून ठरले की यंत्र बसवायचे. जंगलाच्या काठाने सहा खांब उभे राहिले. प्रत्येकावर एक कॅमेरा, आणि पाण्याच्या टाकीवर एक भोंगा. कॅमेऱ्याला वाघ दिसला की त्यामागची कृत्रिम बुद्धिमत्ता तो ओळखणार आणि भोंगा आपोआप वाजणार. त्याची माहिती देण्यासाठी शाळेच्या पटांगणात जनजागृतीचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांच्या सोयीने तो सकाळी अकराला ठेवला होता. समोर पांढरा पडदा लावला, त्यावर चित्रे टाकली, पण माथ्यावरच्या उन्हात पडद्यावर काहीच उमटेना. वनखात्याचे साहेब काठीने दाखवत राहिले की इथे वाघ, इथे यंत्राने त्याच्याभोवती काढलेली चौकट. आणि दीडशे माणसे कोऱ्या पडद्याकडे पाहून माना हलवत राहिली. देवाजीनेही हलवली.

प्रश्न एकटीनेच विचारला. बुधरी नावाची सत्तरीची म्हातारी उठली आणि म्हणाली की साहेब, जनावर पानाच्या आड बसले तर यंत्राला दिसते का. साहेबांनी समजावून सांगितले की यंत्र रोज शिकत असते, जितके दिवस जातील तितके ते हुशार होईल. बुधरी खाली बसता बसता तिची सून रंजीता मागून बोलली.

"शिकून राह्यलं म्हनते, तं सध्या कितवीत आहे जी थे?"

सारे पटांगण हसले. साहेबही हसले. हसण्याच्या भरात बुधरीचा प्रश्न तसाच राहून गेला, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही. रंजीताची जीभच तशी होती. लग्नाच्या मांडवात असो की धानाच्या रोवणीच्या बांधावर, ती असली म्हणजे बायकांचे काम हसत उरके.

कार्यक्रमानंतर वनरक्षक आदेशने देवाजीच्या हाती दवंडीचा कागद दिला. त्यावर अकरा सूचना होत्या. देवाजीने रीतीप्रमाणे तो तीनदा वाचला. सातव्या सूचनेवर तो अडला. लिहिले होते: 'प्रणालीकडून इशारा प्राप्त न झाल्यास संबंधित क्षेत्र वन्यप्राणीमुक्त असल्याचे गृहीत धरण्यात येऊ नये.' अक्षरे लागत होती, अर्थ नीट लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने आदेशला विचारले की ही सातवी ओळ डफावर कशी म्हणायची. आदेशकडे आठ गावे होती. मोटारसायकल बंद न करताच त्याने सांगितले की मुद्दा एकच, भोंगा वाजला की आत जायचे नाही. बाकी तुमच्या रीतीने सांगा.

देवाजीने आपल्या रीतीने सांगितले. पहिली ओळ झाली, "भोंगा वाजला तं जंगलात जाऊ नका हो." मनाई झाली. आता मोकळीक हवी होती, आणि ती त्या ओळीच्या पोटातूनच निघाली, जशी प्रत्येक दवंडीची निघत आली होती. "भोंगा नाई वाजला तं बिनघोर जा हो." पाचही ठिकाणी त्याने ती म्हटली. नंतर कागदाच्या तळाशी, जिथे 'वरीलप्रमाणे दवंडी दिली' असे छापले होते, तिथे सही केली. सव्वीस वर्षांत अशा किती सह्या केल्या असतील, याची गणती नव्हती.

पहिले चार महिने भोंग्याने गावाला जेरीस आणले. तो गाईला वाजे, वाळत घातलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीला वाजे. गावातल्या बुधूकडे एक पट्टेरी कुत्रा होता. तो शिकारीच्या नादाने खांबाजवळून गेला की भोंगा हमखास केकाटे. निंदणाच्या दिवसांत बायका बांधावरून परत फिरत. शाळा दोनदा अर्ध्यावर सुटली. यंत्राला मोतीबिंदू झालाय, बुधूच्या कुत्र्यालाच नोकरीवर ठेवा, अशी बोलणी पारावर रंगत. शेवटी ग्रामसभेत ठराव झाला की भोंग्याचे खोटे वाजणे बंद करावे. सह्यांचा अर्ज तालुक्याला पोचवण्याचे काम अर्थातच कोतवालाकडे आले.

तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत पडद्यांसमोर नूतन नावाची मुलगी बसायची. चंद्रपूरची, अभियांत्रिकी शिकलेली, बोलायला मोकळी. तिने देवाजीला खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. यंत्र प्रत्येक चित्राला आकडा देते, तिने सांगितले. हा वाघ असण्याची खात्री किती, शंभरात किती. आतापर्यंत साठच्या वर गेले की भोंगा वाजायचा, म्हणून गाईला आणि कुत्र्याला वाजत होता. तिने अर्ज वरच्या साहेबांना दाखवला, परत येऊन दोन कळा दाबल्या आणि म्हणाली की आता ऐंशीच्या वर खात्री असेल तरच वाजेल, गावाला त्रास होणार नाही. देवाजीला ते फार आवडले. गावाचे म्हणणे सरकारने इतक्या झटपट ऐकले, असे त्याने पूर्वी पाहिले नव्हते. साठ आणि ऐंशी यांच्यामध्ये जी जनावरे असतील त्यांचे काय, हे त्याने विचारले नाही. नूतन म्हणाली, तसे पत्र गावाला येईल. पत्र आले नाही. आणि कागद नाही तर दवंडी नाही.

भोंगा गप्प झाला. महिन्यातून एखाददा वाजे, तेव्हा खरोखरच वाघ निघे. त्यामुळे गावाचा विश्वास दुप्पट झाला. पूर्वी मोह वेचायला बायका दहा-बाराच्या घोळक्याने जात. कुणी पत्र्याचा डबा बडवी, कुणी मोठ्याने बोलत राही. त्यासाठी एकमेकींची वाट पाहावी लागे, आणि मोहफूल तर पहाटेपासून गळू लागते. उशीर झाला की गुरे आणि हरणे ते खाऊन टाकतात. भोंगा आल्यापासून ज्या बाईचे जे झाड, तिने आपल्या वेळेला जावे, असे होत गेले. कुणी ठरवले नाही. डबा कोणाच्या घरी राहिला तेही विसरले.

गेल्या चैत्रातल्या एका सकाळी, नुकते उजाडत असताना, देवाजी ओट्यावर जाळ्याची भोके सांधत बसला होता. रंजीता टोपली कमरेला लावून रस्त्याने आली आणि थबकली.

"भाऊ, भोंगा तं नाई वाजला ना?"

"नाई."

"मंग जातो. सासू उठली तं सांगा, झाड साफ करून येतो म्हना."

ती गेली. देवाजीने मान वर करून पाहिलेही नव्हते. त्याचा दात धाग्याच्या गाठीवर होता.

आठ वाजून गेले तेव्हा बुधरी हाका मारीत जंगलाच्या वाटेला लागली आणि तिच्यामागे माणसे धावली. रंजीता मोहाच्या झाडाखाली नव्हती. पंचवीस-तीस पावलांवर पळसाच्या झुडपात सापडली. झाडाखालची जागा तिने झाडून स्वच्छ केली होती. टोपली अर्धी भरली होती, आणि त्या झाडलेल्या जागेवर वरून पिवळी फुले पडतच होती. देवाजी तिथे उभा राहिला. पंचनामा होईपर्यंत जागेवर थांबणे ही कोतवालाची जबाबदारी असते. चार तास तो तिथे होता आणि त्या चार तासांत भोंगा एकदाही वाजला नाही.

पाचव्या दिवशी त्याने कुणाला न सांगता तालुक्याची एसटी धरली. त्याच्या मनात एकच आशा होती, यंत्र बंद असावे. वीज गेली असेल, तार तुटली असेल. मग दोष तारेचा ठरला असता. नूतनचा चेहरा उतरलेला होता. तिने आधी दार लावून घेतले, मग एक चित्र उघडले. काळोखी हिरवट पाने, आणि पानांच्या मधून खांद्याचा एक तुकडा, त्यावर तीन पट्टे. कोपऱ्यात वेळ होती, पाचला आठ मिनिटे कमी. खाली आकडा होता, चौऱ्याहत्तर.

"पाह्यला होता म्हंजे," देवाजी म्हणाला.

"पाहिला होता. खात्री नव्हती."

"मंग खात्री नाई, एवढं तरी वाजाचं होतं."

नूतनने पडद्यावरचे चित्र बंद केले. मग म्हणाली, "त्याला भोंगा नाही, काका."

साठचा आकडा तसाच राहिला असता तर वाजला असता का, हे त्याने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. दोघांनाही ते ठाऊक होते. निघताना ती म्हणाली की हे चित्र मी दाखवले असे कुठे बोलू नका, मला कुणालाही दाखवायची मनाई आहे. त्याने शब्द दिला. परतीच्या वाटेवर खिडकीशी बसून तो आपल्या हातांकडे पाहत होता. अर्ज याच हातांनी नेला होता. दुसरी ओळ याच तोंडाने म्हटली होती. आणि 'नाई' हा शब्दही.

बाराव्या दिवशी दुपारी आदेश घरी आला. एरवी अंगणातूनच बोलणारा माणूस, आज आत येऊन बसला. चौकशी लागली होती आणि देवाजीचा जबाब व्हायचा होता. त्याचा मसुदा आदेशने वाचून दाखवला. त्यात म्हटले होते की सर्व अकरा सूचना गावात दवंडीद्वारे देण्यात आल्या होत्या, तथापि मयत महिलेने त्यांकडे दुर्लक्ष करून निष्काळजीपणे वनक्षेत्रात प्रवेश केला. कुटुंबाला मिळायची ती मदत नियमाने मिळणारच होती, त्याला या शब्दांनी धक्का बसणार नव्हता. पण हीच यंत्रणा आता आणखी चाळीस गावांत बसायची होती, आणि त्यासाठी पळसबोडीची फाईल स्वच्छ हवी होती.

देवाजीने विचारले की ही खोटी गोष्ट मी कशी सांगू.

"तुमाले खोटं कोन बोलाले सांगून राह्यलं, भाऊ? सही तं तुमी दोन वर्सापासून करून ठेवली आहे. थेच पुन्हा म्हनाचं आहे." आदेशचा आवाज चढला नाही. "मशीनले कोनी घरी बसवत नाई. मानसाले बसवतेत. तुमाले बसवतीन, मंग मले."

तो कागद ठेवून गेला. बाकी तुमच्या रीतीने सांगा, हे आपणच म्हटले होते, याची त्याला आठवण होती की नव्हती ते कळले नाही. पण चहा न पिताच गेला.

देवाजीची बायको भागीरथा चुलीजवळ होती; तिने सारे ऐकले होते. गावात रोज काय चर्चा होते हेही तिला ठाऊक होते. रंजीता फाजील धिटाईने गेली, तिला कशाची भीतीच नव्हती, असे आता लोक बोलू लागले होते. मेलेल्या माणसाच्या अंगावर गोष्ट टाकली की जिवंतांचे ओझे हलके होते. आणि बुधरी दारोदार एकच सांगत फिरत होती की माझी सून आडदांड नव्हती, विचारून पाऊल टाकणारी होती. त्यावर कुणी काही बोलत नसे. देवाजीने भागीरथेला विचारले की काय करू. सही आहे, नोकरी गेली तर तलावाच्या मासोळीवर घर चालेल, पण या वयात दोषी म्हणून गावात कसे राहायचे.

भागीरथेने उलट विचारले, "कोनाले विचारून गेली थे त्या दिवशी?"

देवाजीने हे आजवर कुणाला सांगितले नव्हते. आता सांगितले.

ती बराच वेळ चुलीतली राख ओढत राहिली. "मंग मले काहाले विचारता," एवढेच म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

जबाब ग्रामपंचायतीच्या खोलीत झाला. चौकशीचे साहेब जिल्ह्याहून आले होते. सौम्य, थकलेले, दोन महिन्यांत अशा चार गावांतून फिरलेले. बाहेर पिंपळाखाली पन्नास-साठ माणसे बसली होती, बुधरी सर्वांत पुढे. साहेबांनी मसुदा वाचला आणि विचारले की बरोबर ना. देवाजीने सांगितले की बरोबर नाही. अकरा सूचना मी दिल्या नाहीत. सातवी तर दिलीच नाही. उलट एक माझ्या मनाची घातली.

साहेबांनी चष्मा काढला. नेमके काय म्हणालात, ते शब्द सांगा, म्हणजे लिहून घेतो.

देवाजीने सांगायचा प्रयत्न केला, पण बसल्या बसल्या त्याला ते शब्द येईनात. जी गोष्ट आयुष्यभर उभ्याने, गळा मोकळा सोडून म्हटली ती खुर्चीत बसून कुजबुजता येत नव्हती. तो उठला. डफ घरी होता. त्याने मेजावर बोटांच्या पेरांनी तीन थापा दिल्या, आणि म्हटले.

"भोंगा वाजला तं जंगलात जाऊ नका हो..."

बाहेरची कुजबुज थांबली. सव्वीस वर्षांच्या सवयीने पन्नास माणसांचे कान दुसऱ्या ओळीसाठी ताणले गेले. त्या क्षणी देवाजी थांबला असता तर कुणी काही म्हणाले नसते.

"भोंगा नाई वाजला तं बिनघोर जा हो..."

साहेब लिहू लागले आणि मध्येच थांबून म्हणाले की तुम्ही मला काय लिहायला लावताय, कळते ना. देवाजी म्हणाला, हो. मग त्याने त्या सकाळचा प्रश्न आणि आपले उत्तर सांगितले. अर्ज आपण नेल्याचे, साठाचे ऐंशी झाल्याचे आणि ते गावाला कुणी न कळवल्याचेही सांगितले. साहेब म्हणाले, तो तांत्रिक भाग आहे, तो जबाबात येत नाही. देवाजी म्हणाला, मग सही येत नाही. शेवटी साहेबांनी 'साक्षीदाराचे म्हणणे असे की' अशी सुरुवात करून तेही लिहिले. चौऱ्याहत्तरच्या आकड्यापाशी मात्र देवाजी गप्प राहिला. नूतनला शब्द दिला होता. खरे सांगायला आलेला माणूस अर्धेच सांगून उठतो आहे, हे त्याचे त्याला टोचत राहिले आणि अजून टोचते.

बाहेर आला तेव्हा बुधरी उभी होती. सून निष्काळजी नव्हती, हे आता सर्वांच्या देखत सिद्ध झाले होते. देवाजीला वाटले, ती काही तरी बरे बोलेल.

"मंग तुहं ऐकून गेली थे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न पाहता घराकडे वळली.

अहवाल महिन्याभरात आला. रंजीताच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' गेला होता. यंत्रणा निर्धारित निकषांनुसार कार्यरत होती, असे त्यात होते; आणि जनजागृतीच्या टप्प्यावर कोतवालाच्या दवंडीत गंभीर त्रुटी राहिली, असेही होते. निकष कोणी, कधी, कोणाला विचारून ठरवला, याबद्दल एक ओळ नव्हती. ऐंशीचा आकडा मात्र कुणीतरी गुपचूप पुन्हा साठवर आणला असावा, कारण भोंगा बुधूच्या कुत्र्याला पुन्हा वाजू लागला. नूतनची बदली झाल्याचे आदेश म्हणाला. कुठे ते त्यालाही माहीत नव्हते. चौऱ्याहत्तर आकड्याचे ते चित्र कुणाच्या कागदांत लागले की नाही, हे देवाजीला कधीच कळले नाही. त्याला कामावरून बाजूला केले गेले. डफ तो जमा करायला गेला तर सरकारी यादीत डफ नव्हताच, म्हणून घेऊन परत आला.

मनुष्याकडून पुन्हा चूक नको, म्हणून दवंडीही यंत्राकडे गेली. आता आदेशच्या मोटारसायकलवर एक कर्णा असतो. त्यातून एका बाईचा गोड, न दमणारा आवाज अकराच्या अकरा सूचना वाचतो. तो आवाजही माणसाचा नाही, यंत्राने बनवलेला आहे. शब्द ना शब्द कागदाबरहुकूम. सातव्या सूचनेपर्यंत मोटारसायकल पाण्याच्या टाकीपाशी आलेली असते आणि चुलीपुढच्या बायका केव्हाच आपल्या कामाला लागलेल्या असतात. चाळीस गावांतून आता हाच आवाज फिरतो.

गावात काही घरे देवाजीशी बोलत नाहीत. ज्यांना त्याने खरे सांगितल्याचा राग आहे ती वेगळी, आणि ज्यांना त्याने आधी चुकीचे सांगितल्याचा राग आहे ती वेगळी. दोन्ही बाजूंचे त्याला पटते, म्हणून तो कुणाशी भांडत नाही.

वैशाख संपता संपता विडीच्या तेंदूपानाचा हंगाम लागला. उजाडायच्या सुमाराला देवाजी जाळे ओट्यावर ठेवतो आणि जंगलाची वाट जिथे गाव सोडते तिथल्या दगडावर जाऊन बसतो. डफ नसतो. जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून तो सातवी ओळ आपल्या शब्दांत सांगतो, की भोंगा वाजला नाही याचा अर्थ वाघ नाही असा नाही. यंत्राला वाघ दिसूनही भोंगा गप्प राहू शकतो. या ओळीला मोकळीक नाही. त्यामुळे ऐकणारी बाई सवयीने थोडी थांबते, पुढचे काही येईल म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहते. काही जणी वैतागतात. एकदोघी टोमणा मारतात की आता कशाला, तेव्हा नाही सांगितले. थोड्या जणी घोळका जमेपर्यंत थांबू लागल्या आहेत, आणि एकीने कुठून तरी पत्र्याचा जुना डबा शोधून काढला आहे.

परवा बुधरी आली. रंजीता गेल्यापासून तिने या वाटेवर पाऊल टाकले नव्हते. पाने बांधायची दोरी कमरेला खोचलेली, हातात रंजीताचीच टोपली. दगडापाशी थांबली. मग सुनेने विचारला होता तोच प्रश्न तिने विचारला, आणि मुद्दाम त्याच शब्दांत.

"भोंगा तं नाई वाजला ना?"

"नाई वाजला," देवाजी म्हणाला. "पन वाघ आहे का नाई, मले मालूम नाई."

"मालूम नाई तं काहाले बसला इथी?"

"थेच सांगाले."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. त्याच्यापासून चार हात दूर, पाठ करून, ती वाटेच्या कडेला बसली आणि मागून येणाऱ्या बायकांची वाट पाहू लागली.